एक दिवसाआडचं घड्याळ

हे लिहून ठेवायचं नाही, असं मंथन केळुसकरनं जवळजवळ नक्कीच केलं होतं. फोनवर चार ओळी टाइप करायच्या, वाचायच्या, पुसून टाकायच्या. बरेच दिवस हेच चाललं. एकतर गडी बारावीला आपटलेला, पुढे मोबाइलदुरुस्ती शिकला तीही व्हिडिओ बघून. लिहिणं हा आपला धंदा नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण खरं कारण ते नव्हतं. देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकेक घड्याळ दोघादोघांत वापरणारे कोण कोण आहेत, ते त्याला नावानिशी माहीत होतं. हे बाहेर आलं की पहिल्यांदा त्यांचं काम बंद होणार. आणि नाही आलं, तर ते सगळे उद्या सकाळी परत पाण्यात उतरणार.

शेवटी एका दुपारी त्यानं फोन उचलला आणि एका दमात सगळं बाहेर काढलं.

घड्याळ म्हणजे पाणबुड्याच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. बंदरावर त्याला कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. ते कशाला लागतं, हे कळायला थोडं पाण्याखाली जावं लागेल.

माणूस खोल गेला की अंगावरचा दाब वाढतो, आणि टाकीतल्या हवेतला नायट्रोजन रक्तात, चरबीत, मणक्यात मुरायला लागतो. खाली असेपर्यंत त्याचा काही त्रास नाही. वर येताना मात्र तो श्वासावाटे सावकाश निघून जायला हवा. घाई केलीत, तर गोटीसोड्याची गोटी आत ढकलल्यावर बाटलीत जे होतं, तेच तुमच्या रक्तात होतं. फुगा सांध्यात अडकला तर माणूस कळवळतो. मणक्यात अडकला तर पाय जातात. म्हणून वर येताना वाटेत दोरी धरून लटकत राहायचं. किती वेळ, ते घड्याळ सांगतं.

जुनी घड्याळं सगळ्यांना एकाच मापानं मोजायची. नवी आली त्यांच्या पाठीला एक बारीक कान होता, सोनोग्राफीच्या यंत्रात असतो तसला. शिरेतून फुगे जाताना जी खरखर होते ती तो ऐकायचा, आणि घड्याळ दर बुडीला थोडंथोडं शिकत जायचं. हा माणूस किती वेळात मोकळा होतो, झोप झाली नसेल तर किती, दमलेला असेल तर किती. शंभरेक बुड्या झाल्या की हे घड्याळ तुम्हाला तुमच्या आईपेक्षा जास्त ओळखेल, असं कंपनीच्या जाहिरातीत होतं. तोवर मात्र ते तुम्हाला पाच वाव, म्हणजे तीसेक फुटांच्या खाली सोडायचंच नाही.

आणि काम होतं पंधरा वावावर. वरचं पाणी तापून पोवळी पांढरी पडायला लागली, तेव्हा ती खाली गार पाण्यात हलवायची योजना आली. तळाला लोखंडी चौकटी टाकलेल्या. त्यांवर पोवळ्याचे कोंब एकेक करून बांधायचे. पोरांनी त्या कोंबांना नाव ठेवलं तरवो, म्हणजे भाताची रोपं, आणि कामाला लावणी. भातासाठी वाकायचं तसंच वाकायचं, फक्त डोक्यावर समुद्र. एका होडीवर दोघे, एक खाली आणि एक वर दोरी सांभाळायला. खाली जाणाऱ्याच्या हातात त्याच्या नावाचं घड्याळ पाहिजे, असा नियम होता.

नियम करणाऱ्यांना हा किनारा माहीत नव्हता. इथे रापण ओढली की मासळीचा वाटा असतो, होडीचा असतो, जाळ्याचा असतो. आख्खी वस्तू एकट्याची, ही कल्पनाच कुणाला फारशी रुचत नाही. मग घड्याळाचाही वाटा झाला. मंथन आणि रुजार फर्नांडिस हे शाळेपासूनचे दोस्त. मंथन काटकुळा, रुजार अंगानं आडवा आणि तोंडानं त्याहून आडवा. दोघांनी अर्ध्यात एक घड्याळ घेतलं. नाव मंथनचं लागलं. आज मी, उद्या तू. वारा सुटून काम बंद पडलं तर पाळी पुढे सरकायची, पण मोडायची नाही. दोन वर्षांत एकदाही मोडली नाही. ताप असला तरी नाही. त्या दिवशी होडी काठावर राहायची.

आणि घड्याळानं दोघांना बरोबर सांभाळलं. मंथनला लवकर सोडायचं, रुजारला लटकवून ठेवायचं.

"माझो हात वळाखता ता," रुजार अभिमानानं सांगायचा. "ह्यो जाडो इलो, हेका थांबवूक होया, म्हणान."

दोघांचीही तीच समजूत होती. घड्याळ हात ओळखतं.

मग एका सकाळी मंथन आपल्या पाळीची बुडी मारून वर आला, तर घड्याळावर लाल टिकली.

"बॅटरी संपाक इली रे," रुजार म्हणाला. "आता काय करूचा?"

"कंपनीक पाठवया."

"पाठव मा. थयसर ते तुझी नाडी बगतले, घड्याळाची नाडी बगतले नी इचारतले, ह्यो दुसरो कोण?"

खरी गोम तीच होती. घड्याळाला सील होतं. बॅटरी बदलायची तर मालकानं घड्याळासकट कंपनीत जायचं, तिथे त्याचं अंग घड्याळातल्या आठवणीशी ताडून बघणार. बरं, नुसतं उघडून नवी बॅटरी टाकावी तर शिकलेली आठवण अशा जागी ठेवलेली, की वीज क्षणभर तुटली तरी कोरी होते. कुणी चोरून उघडलं तर दुसऱ्याच्या शरीराची माहिती हाती लागू नये, म्हणून मुद्दाम केलेली सोय. आठवण गेली की परत पाच वाव, परत शंभर बुड्या. तोवर हंगाम संपलेला.

"वीज तुटाक दिलीच नाय तर?" मंथन म्हणाला.

दुपारी त्यानं दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि टेबलावर पांढरा पंचा पसरला. रुजार समोर स्टुलावर. मंथननं पाठीचे बारीक स्क्रू काढले, झाकण उचललं. आतल्या दोन टोकांना केसासारख्या दोन तारा डाखल्या, तारांची दुसरी टोकं तेवढ्याच ताकदीच्या बाहेरच्या बॅटरीला जोडली. आता घड्याळाला दोन्हीकडून वीज मिळत होती. मग जुनी बॅटरी चिमट्यानं अलगद उचलली. पडदा विझला नाही.

"काय डॉक्टर, पेशंट जगता काय?"

"गप ऱ्हव. श्वास पण घेव नको."

"माका श्वास घेवक नको सांगतंस? मी पाणबुडो आसंय, तसो पण फुकट घेयत नाय."

नवी बॅटरी बसली. तारा निघाल्या. पडदा तसाच उजळ. मंथननं रबराची रिंग पुसली, तिला ग्रीस लावलं, भिंगातून गोल फिरवून बघितली. एक केस अडकला तरी पाणी शिरतं. झाकण बसवल्यावर संध्याकाळी दोघे होडी घेऊन बाहेर गेले, घड्याळाला शिसं बांधून गळाच्या दोरीनं पंधरा वाव खाली सोडलं, आणि ओढून घेतलं. आत थेंब नाही. आठवण जशीच्या तशी; मनगटाविना झालेली बुडी ते मोजायचंच नाही. रुजारनं छातीवर क्रूस केला आणि मंथनच्या पाठीत असा रट्टा घातला, की तो होडीतून पडता पडता राहिला.

काम अगदी चोख झालं होतं. हे मंथननं दोनदा लिहिलं आणि एकदा पुसलं.

"उद्या मी जातंय," तो म्हणाला.

"उद्या माझी पाळी आसा."

"घड्याळ मी उघडलंय. काय वायट झाला तर माका होवक होया, तुका नाय."

"पाळी मोडतंस तू."

"एकच दिवस रे. पयलो मी, मगे तू."

रुजार कुरकुरला, पण दोस्ताचं बोलणं त्याला मनातून आवडलंही होतं. त्यानं दोरी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी मंथन खाली गेला, लावणी केली आणि वर येताना दोरीला लटकला. घड्याळ सोडेचना. नेहमीची वेळ झाली, उलटली, तरी थांब म्हणे. तो वर आला तेव्हा दात वाजत होते.

"आज माका तुझ्याएवढा थांबवल्यान," तो म्हणाला.

"भियाला असतला," रुजार म्हणाला. "ऑपरेशन झाला मा तेचा."

दोघे हसले. जास्त थांबवणं म्हणजे जास्त काळजी. काळजी करणारं घड्याळ बिघडलेलं कसं असेल? मंथननं निर्धास्तपणे ते काढलं आणि त्यानंतरच्या दिवशी आपल्या हातानं रुजारच्या मनगटावर बांधलं.

रुजार लवकर वर आला.

"इतक्यात?"

"हिरवा झाला, इलंय. तुझ्या हाताची जादू मेल्या! काय थांबणा नाय, काय नाय." तो टाकी उतरवून फळीवर बसला. बाटलीतलं पाणी प्याला. खांदा खाजवला. "हयसर मुंगये फिरतत."

मंथन इंजिन सुरू करत होता.

"मंथन."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मंथन वळला. रुजार आपल्या पायांकडे बघत होता, आपले नसल्यासारखा.

"उठाक येणा नाय," तो म्हणाला. "चेष्टा नाय करणंय."

मंथननं त्याला आडवा केला. ऑक्सिजनची टाकी उघडली, मास्क तोंडावर बसवला. एका हातानं सुकाणू, दुसऱ्या हातात फोन. लावणी चालू झाल्यापासून किनाऱ्यावर मदत कक्ष होता, आणि तिथे प्रत्येक घड्याळाचा रंग दिसायचा. लाल झालं की वेगवान बोट आपोआप सुटायची, थेट दाबाच्या खोलीपर्यंत न्यायला. असल्या दुखण्यावर औषध एकच. माणसाला लोखंडी खोलीत घालून परत दाबाखाली न्यायचं आणि फुगे विरघळवायचे. जितका उशीर, तितके पाय दूर.

"माझ्या मित्राचे पाय चालत नाहीयेत," मंथन ओरडला. "बोट पाठवा!"

"सर, तुमच्या होडीवर एकच घड्याळ दिसतंय." मुलीचा आवाज. "ते हिरवं आहे."

"घड्याळ जाऊ दे, माणूस बघा!"

"पेशंटचं नाव, सर?"

"रुजार फर्नांडिस."

"सर, घड्याळ तर मंथन केळुसकर यांच्या हातात दाखवतंय."

"मी मंथन!"

"मग तुम्हाला काय होतंय, सर?"

त्याच क्षणी रुजारच्या मनगटावरून घड्याळाचा तो गोड, घोटलेला आवाज आला. प्रत्येक बुडीनंतर यायचा तसाच. "मंथन, आज तुमचं शरीर उत्तम स्थितीत आहे. भरपूर पाणी प्या."

रुजारनं मास्कआडून मंथनकडे बघितलं. ती नजर मंथनला अजून दिसते.

त्यानं मुलीला सगळं सांगितलं. एक घड्याळ, दोघे जण, पाळी, बॅटरी. सांगताना आपण कुणाकुणाला बुडवतोय, हे त्याला कळत होतं. मग ती म्हणाली, "सर, रंग बदलल्याशिवाय बोट सोडायचा अधिकार मला नाही. वरिष्ठांना विचारते." फोनवर सनई वाजायला लागली. समोर किनारा दिसत होता, जवळ येत नव्हता. सनई वाजत राहिली. रुजारचे ओठ हलत होते, 'नमो मारिये'ची प्रार्थना चालली होती बहुतेक. मंथनजवळ करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. इंजिन होतं तेवढं पिळून झालेलं.

"सर?" मुलगी परत आली. आवाज बदलला होता. "कुणी फोन उचलत नाहीये. मी माझ्या जबाबदारीवर सोडते."

बोट आली. पण उशीर तो झालाच.

गोव्यातल्या हॉस्पिटलात दाबाच्या खोलीला वाटोळी जाड काच होती. काचेतून रुजारचे पाय तेवढे दिसायचे, चादरीखाली. डॉक्टर सरदेसाईबाईंनी घड्याळातली माहिती पडद्यावर काढली, बराच वेळ बघितली आणि मंथनला बोलावलं.

"हा माणूस एक दिवसाआड आजारी पडतो का हो?"

पडद्यावर करवतीसारखी रेघ होती. एक दात खाली, एक वर. खाली, वर. दोन वर्षं.

"एक दिवस मी, एक दिवस तो," मंथन म्हणाला. "ते आमचे हात ओळखायचं."

"हात?" बाईंनी चष्मा काढला. "त्याला हात ओळखता येत नाहीत. त्याच्या दृष्टीनं जगात एकच मनगट आहे. त्याला दिसलं, की या माणसाचं रक्त एक दिवस लवकर मोकळं होतं आणि एक दिवस उशिरा. का, ते त्याला कळलं नाही, कळायची गरजही नाही. ताल सापडला, तेवढं पुरे. ते तुमचे हात नाही, तुमची पाळी ओळखत होतं."

मंथननं पडद्याकडे बघितलं. शेवटच्या टोकाला, नवी बॅटरी पडायच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन दात लागोपाठ खाली होते. दोन्ही दिवस त्याचे. करवत तिथे मोडली होती. घड्याळ मात्र आपला ताल धरून पुढे गेलं होतं. मंथनचा जादा दिवस त्यानं वाईट दिवस म्हणून मोजला. आणि दुसऱ्या दिवशी, आता चांगला दिवस, म्हणून रुजारला सोडून दिलं.

"पण फुगे तर ऐकू येतात त्याला," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुरून आल्यासारखा वाटला. "त्या दिवशी खरखर ऐकली नसेल?"

"ऐकली. पण आज सगळं ठीक असणार, असं धरून ऐकली. मनगटात फुगे थोडेच होते. चौघांतल्या एकाच्या हृदयात जन्मापासून एक बारीक भोक राहून जातं. एरवी आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुमच्या मित्राला ते आहे. फुगे तिथून पलीकडे गेले, थेट मणक्यात. उरलेली खरखर घड्याळानं किरकोळ म्हणून सोडून दिली."

त्यांनी विचारलं, "बॅटरी तुम्ही बदललीत? आठवण न जाऊ देता?"

"हो."

"गेली असती तर बरं होतं. त्याला नवखा समजून घड्याळानं खोल सोडलंच नसतं." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "काम मात्र फार सफाईदार केलंत."

त्यापेक्षा बाईंनी थोबाडीत दिली असती तर चाललं असतं, असं मंथनला वाटलं.

मग बाईंनी करवतीचे वरचे दात तेवढे वेगळे काढले. तो खरा रुजार. त्यावरून खोलीतला दाब ठरवला, वेळा ठरवल्या. एवढं एक काम त्या आठवणीनं सरळ केलं. वाटेत बधिर झालेले हात परत आले. लघवीवरचा ताबा आला. पाय आले नाहीत. कंपनीचं पत्र आलं ते दोन ओळींचं. सील तुटलेल्या घड्याळाबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं.

मंथननं रुजारला सांगायला बरेच दिवस लावले. एका दुपारी वॉर्डात दोघेच होते. रुजारची आई बाहेर बाकावर माळ ओढत बसली होती. मंथननं खुर्ची जवळ ओढली आणि सांगून टाकलं. पाळी, ताल, जादा दिवस. माझा तो दिवस नव्हता, तुझा होता, मी घेतला, म्हणून हे झालं.

रुजार छताकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे घड्याळान माका मंथन समजल्यान," तो म्हणाला.

"व्हय."

"तरी म्हटला, त्या दिवशी माका एवढी अक्कल खयसून इली."

मंथन हसला नाही.

"हस मेल्या. आवय भायर रडता, तू हयसर रडतंस. मी एकट्यानच हसू काय?"

"रुजार, मी माझ्यासाठी नाय घेतलंय रे तो दिवस."

"माका म्हायत आसा. म्हणान तर तुका शिवी पण घालूक येणा नाय. तोच तरास आसा." त्यानं मान फिरवली. खिडकीतून हॉस्पिटलचं पार्किंग दिसत होतं, समुद्र कुठेच नव्हता. "लावणी सुरू झाली?"

"झाली."

"तू गेलंस?"

"एक दिवस गेलंय. सगळ्यांका एकाच मापान मोजणारा जुना घड्याळ माझ्या नावार भाड्यान मिळाला."

"एकच दिवस? दुसऱ्या दिवशी वारो होतो?"

"नाय. दुसरो दिवस तुझो होतो."

रुजारला कळायला क्षणभर लागला. मग तो कोपरांवर उठायला गेला, कंबर उठली नाही, परत उशीवर पडला. चेहरा लाल झाला होता.

"पिसो झालंस काय? माझी पाळी संपली. आता रोज तू जा. दुसरो कोणतरी घे दोरयेर."

"नाय."

"खातलंस काय? अर्धे दिवस होडी काठार ठेवन?"

"अर्ध्याचा खायन."

"मी मेलंय म्हणान समज नी जा!"

"मेलंस काय घेयन तुझे दिवस," मंथन म्हणाला. "जितो आसस तवसर ते तुझे."

चादरीवरची रुजारची बोटं उघडत होती, मिटत होती. बाहेर बाकावर माळेचे मणी वाजत होते.

"नी मी कधीच इलंय नाय तर?" त्यानं शेवटी विचारलं. आवाज अगदी लहान होता, तो मंथननं शाळेतही कधी ऐकला नव्हता. "कधीच नाय इलंय तर, मंथन?"

मंथननं त्याचा हात धरला, मनगटावर, जिथे पट्ट्याचा पांढरा वण अजून होता.

"तरी पण. तुझो दिवस मी परत कधी घेवचंय नाय."